राजवाड्याचा इतिहास सांगणारं संग्रहालय राजवाड्यातच का होऊ नये?

माहुलीकर (रविवार, रात्री ९:१०)

मंडळी, गेल्या महिन्यात लेकीकडे दिल्लीला गेलो होतो. जावईबापूंनी राष्ट्रपती भवनाच्या संग्रहालयाची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. मला वाटलं, भेटवस्तू असतील, तैलचित्रं असतील, १९११ च्या दरबारातली पंचम जॉर्जची चांदीची खुर्ची असेल. ते सगळं आहेच. पण मी गुंतलो ते दुसऱ्याच गोष्टीत. ते संग्रहालय एका इमारतीची गोष्ट सांगतं. ही वास्तू कुणी आणि का उभी केली, रायसीना आणि मालचा गावच्या जमिनी कशा घेतल्या, धोलपूरचा दगड कसा आला, ३४० खोल्यांचं काम १९१२ पासून १९२९ पर्यंत कसं चाललं, मग व्हाइसरॉय गेला आणि त्याच जागी राष्ट्रपती कसे आले. आणि हे सगळं मांडलंय कुठं, तर जुन्या पागेत आणि मोटारींच्या गॅरेजात. पागेतला भाग २०१४ ला खुला झाला, गॅरेजातला २०१६ ला.

परत साताऱ्याला आलो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजवाड्यासमोर गांधी मैदानावर बसलो होतो. कास बघून आलेलं एक कुटुंब भेळ खात होतं. त्यांनी मला विचारलं, "काका, इथं राजवाडा कुठं आहे हो? सगळे राजवाडा राजवाडा म्हणतात." ते राजवाड्याकडेच तोंड करून उभे होते. राजवाडा हे बसथांब्याचं नाव असेल असा त्यांचा समज झाला होता. मी त्यांना बोटानं दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, फोटो काढला आणि गेले. त्यांना सांगायला माझ्याकडे तासभराचं होतं, पण उभ्या उभ्या काय काय सांगणार?

१८१८ साली आष्टीच्या लढाईनंतर प्रतापसिंह महाराज दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या कैदेतून सुटले आणि साताऱ्याच्या गादीवर बसले. १८१९ ला इंग्रजांशी तह झाला. ग्रँट डफ रेसिडेंट म्हणून, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून, इथं होता. महाराजांनी रस्ते केले, शाळा काढली, छापखाना आणला, रोजनिशी लिहिली. आणि १८३९ च्या सप्टेंबरात, ४ आणि ५ तारखेच्या मधल्या रात्री, इंग्रजांनी त्याच महाराजांना पालखीत घालून लिंब गावी नेलं आणि पुढे काशीला धाडलं. १८४७ साली ते तिथंच वारले. पुढच्याच वर्षी त्यांचे बंधू शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब गेले. त्यांनी दत्तक घेतला होता, तो गव्हर्नर जनरल डलहौसीनं नाकारला आणि राज्य खालसा केलं. मग राजवाड्यात सरकारी खाती शिरली. जुन्या वाड्यात शाळा, नव्या वाड्यात कोर्ट.

एसटी स्टँडजवळच्या आपल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं आली तेव्हा केवढी रांग लागली होती, ते तुम्ही पाहिलंय. म्हणजे लोकांना बघायचं असतं. मला तलवारींचं दुसरं संग्रहालय नको आहे. मला राजवाड्याचं संग्रहालय हवंय. या दारातून पालखी गेली, या सोप्यात मुलं पाढे म्हणत, या दालनात जमिनीच्या वाटणीचे दावे चालले, असं ज्या त्या जागी उभं राहून सांगणारं. तुम्हाला काय वाटतं?

पोवईनाका (रविवार, रात्री १०:०२)

काका, तुमचा जीव तुटतो ते कळतं. पण आमच्या पेठेत पाणी वेळेवर येत नाही. वाड्याचं छप्पर गळतं. आधी छप्पर, मग संग्रहालय. निधी आला की फरशा, दिवे आणि कोनशिला यातच संपतो, हे मी दोनतीन ठिकाणी जवळून पाहिलंय. पुढं त्या जागेला कुलूप लागतं आणि कुलपाची किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

निवृत्त_नाझर (रविवार, रात्री ११:२५)

माहुलीकर, उशिरा लिहितोय, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

मी चौतीस वर्षं कोर्टात काढली. कारकून म्हणून लागलो, नाझर होऊन सुटलो. जिल्ह्यातल्या बऱ्याच तालुक्यांचं पाणी प्यालो. राजेरजवाड्यांबद्दल तुम्ही लिहिलंत, मी त्यानंतरच्या माणसांबद्दल लिहितो, कारण त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

साक्षीदाराचा पिंजरा तुम्ही लांबून पाहिला असेल. मी एका जुन्या पिंजऱ्याचा कठडा रोज फडक्यानं पुसून घेत असे. वरची पट्टी सागवानी. जिथं माणूस हात ठेवतो तिथं ती इतकी गुळगुळीत की बोट घसरावं. पण आतल्या अंगाला, वकिलाला दिसणार नाही अशा बाजूला, लाकूड कुरतडलेलं. बारीक बारीक खाचा. पहिल्यांदा वाटलं वाळवी आहे. मग एकदा उलटतपासणी चालू असताना एका म्हातारीचा हात बघितला. बांधाचा दावा होता. वकील विचारत होता, "तुम्हाला लिहिता वाचता येतं का? मग हा अंगठा कुणाचा?" ती उत्तर देत होती समोर बघून, आणि अंगठ्याचं नख त्या खाचेत फिरत होतं. किती वर्षांच्या किती माणसांची नखं त्या पट्टीत होती!

त्या इमारतीचं काम दुसरीकडे गेलं तेव्हा जुनं सामान लिलावात निघालं. लोखंडी फिरकीचा नकला काढायचा दाब, पितळी दौती, लाखेचं भांडं, मोडीत रंगवलेली एक पाटी, आणि तो पिंजरा. सगळं वजनावर. मी साहेबांना हात जोडून म्हणालो, एवढा कठडा तरी बाजूला ठेवू. पण निर्लेखनाच्या, म्हणजे सामान मोडीत काढायच्या, यादीत नाव चढलं होतं. यादीतून वस्तू परत काढायला जे कागद लागतात ते करायला कुणाला सवड नव्हती. कठडा गेला. कुणाच्या तरी माडीच्या जिन्याला लागला असेल.

पोवईनाका म्हणतात ते छपराचं बरोबर आहे. पण छप्पर दुरुस्त होईपर्यंत आतलं सामान थांबत नाही. ते आधी जातं.

खणआळीची_लेक (सोमवार, सकाळी ७:४०)

नाझरकाका, शाळेला निघता निघता वाचलं आणि दारातच थांबले.

मी शिक्षिका आहे, म्हणून शाळेचं बोलते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या शाळेत इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर क्रमांक १९१४. १९०४ पर्यंत बाबासाहेब इथं शिकले. तेव्हाचं ते सरकारी हायस्कूल, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून राज्यभर ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

एका वर्षी मी माझ्या वर्गाला त्या पानाचा मोठा फोटो दाखवला. मला वाटलं मुलं नाव शोधतील. एका मुलीनं आधी वरखालची नावं वाचायला घेतली आणि म्हणाली, "बाई, यांचं पुढं काय झालं?" त्या दिवशी मला कळलं की रजिस्टर कसं वाचायचं असतं. एकाच दिवशी, एकाच छपराखाली कुणी बाकावर बसला आणि कुणाला वेगळं बसवलं, हे त्या इमारतीत उभं राहून सांगितलं की आठवीच्या पोरालाही समजतं. पुस्तकातला धडा वाचून तेवढं समजत नाही.

पण माहुलीकर काका, एक गोष्ट स्पष्ट बोलते. संग्रहालयासाठी शाळा हलवा असं कुणी म्हणणार असेल तर माझा विरोध राहील. महाराजांनी शिक्षणाला जागा दिली, त्या जागेत घंटा वाजत राहिली पाहिजे. मुलं बाहेर काढून त्यांचे पुतळे आत बसवायचे, हे मला पटणार नाही.

माहुलीकर (सोमवार, दुपारी १:१५)

ताई, शंभर टक्के मान्य. राष्ट्रपती भवनातही राष्ट्रपती राहतात, कामकाज चालतं, आणि संग्रहालय पागेत आहे. वापर चालू ठेवूनच करायचं. मुंबईचं राजभवन, आताचं लोकभवन, बघा. मलबार हिलवर जमिनीखाली इंग्रजांच्या काळचा बंकर २०१६ साली सापडला, तेरा खोल्यांचा. वर राज्यपालांचं काम चालूच राहिलं आणि खाली २०१९ ला संग्रहालय झालं. २०२२ ला तिथंच क्रांतिकारकांची गॅलरी आली.

नाझरसाहेब, तुमचा कठडा डोक्यातून जात नाही.

आयर्विनपूल (सोमवार, रात्री ८:३०)

सांगलीकर बोलतोय. धागा साताऱ्याचा असला तरी आमचं नाव एके काळी दक्षिण साताराच होतं की. १ ऑगस्ट १९४९ ला जिल्हा वेगळा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं सांगली झालं. जुन्या सातबाऱ्यावर अजून 'जिल्हा दक्षिण सातारा' दिसतं. माझ्या आज्ज्याच्या उताऱ्यावर हाय.

आमच्याकडं सांगायसारखी सरकारी इमारत म्हंजे तुरुंग. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि त्यांचे साथीदार भर दिवसा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. तटावरनं खाली खंदकात उड्या टाकल्या. पावसाळ्याचे दिवस, कृष्णेला पाणी. पाठलाग झाला, गोळीबार झाला. दादांना गोळी लागली, दोघं साथीदार हुतात्मा झाले. प्रतिसरकारचा तो काळ. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं ही गोष्ट सांगताना तटाकडं हात करायची. "हितनं उडी मारली बघ." तट समोर दिसतोय म्हणून गोष्ट खरी वाटायची. ती माणसं आता राहिली न्हाईत, आणि आता त्या जागंवर बोट ठेवून सांगणारंबी कुणी न्हाई. माहुलीकर म्हणतात ते मला हितं पटलं.

पण एक सांगतो, आणि हे कळकळीनं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. त्या आधी २००५, त्या नंतर २०२१. पूर उतरल्यावर एका ठिकाणी आम्ही पोरं कागदपत्रं वाळवायला गेलतो. तळमजल्यावर, जमिनीला टेकून बस्ते ठेवलेले. हातात घेतलं की चिखलाचा गोळा. पानं सुटी करायला गेलं की शाई बोटाला आणि कागद कोरा. चार दिवस आम्ही पंख्याखाली टीपकागद बदलत बसलो. दहातलं एक हाताला लागलं असंल. तेव्हा सातारकरांनो, तुम्ही डोंगराच्या कुशीत हाय, पूर येणार न्हाई, पण छप्पर गळतंय म्हणता. पाणी खालनं आलं काय आणि वरनं आलं काय, कागदाला सारखंच.

चुन्याची_घाणी (सोमवार, रात्री १०:५०)

मी मूळचा वाईचा. घरात तीन पिढ्या गवंडीकाम, मी स्थापत्य शिकलो. छपराचा विषय निघालाय म्हणून लिहितो.

जुन्या वाड्यांची भिंत दगड, पांढरी माती आणि चुन्याची असते. ती ओल घेते आणि सोडते. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात कोरडी होते. हल्ली दुरुस्ती म्हणजे काय करतात, तर वरून सिमेंटचा गिलावा. बाहेरून भिंत देखणी दिसते. आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ती वर चढते, भिंत लोणा म्हणजे खार धरते, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात आणि सागवानी तुळईचं टोक भिंतीत जिथं रुतलेलं असतं तिथं आतल्या आत कुजतं. तुळई मधून मोडत नाही, टोकाशी जाते. आणि ते टोक दिसत नाही.

माझे आजोबा तुळईवर लाकडी हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचे. निब्बर लाकूड टणटण बोलतं, कुजकं भदभद. आजही मी आधी तेच करतो, मग यंत्रं लावतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. संग्रहालय झालं तर एक भिंत उघडी ठेवा. दहा बाय दहाचा तुकडा, गिलावा न करता. दगड कसे सांधलेत, चुना कसा भरलाय, तुळईला आधार कसा दिलाय, हे दिसू दे. शेजारी चुन्याची घाणी, चुनखडी, वाळू, गूळ, बेलफळाचं पाणी. ज्या कारागिरांनी वाडा उभा केला त्यांची नावं कोनशिलेवर नसतात. त्यांच्या हाताची पद्धत तरी दिसेल. आणि दुरुस्तीचं काम चालू असतानाच लोकांना बघायला बोलवा. पोवईनाका, तुमचं 'आधी छप्पर' आणि काकांचं 'संग्रहालय' एकाच दिवशी सुरू करता येतं.

मोडीचा_वर्ग (मंगळवार, सकाळी ६:२०)

चांगली चर्चा. यात एक जुनी जखम आहे, ती सांगितलीच पाहिजे.

सातारला इतिहासाचं संग्रहालय एकदा होऊन गेलंय. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर जमवलेले कागद, चित्रं, नकाशे यांचं संग्रहालय इथं १९२५ साली उघडलं. दुसऱ्याच वर्षी पारसनीस गेले. १९३९ मध्ये तो सगळा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला. सातारच्या महाराजांचं दप्तरही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. तिथं ते नीट सांभाळलं जातं, अभ्यासक वापरतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मूळ कागद तिथंच राहावेत. पण त्यांच्या छायाप्रती आपल्या राजवाड्यात का नसाव्यात?

मी मोडी शिकवतो. पहिल्या दिवशी मुलांना वाटतं हे सगळं राजकारणाचं, लढायांचं लिहिलेलं असेल. वाचायला लागलं की कळतं, बहुतेक कागद पाणी, बांध, वतन, देवस्थानचं तेल, सासूसुनेचं भांडण याचे असतात. ओळीच्या वर आडवी रेघ आधी मारायची आणि बोरू न उचलता अक्षरं खाली लोंबवायची. एखाद्या कारकुनाचा हात दुपारनंतर थकलेला कागदावर दिसतो, अक्षरं मोठी आणि विरळ होत जातात. नाझरसाहेबांनी कठड्याच्या खाचा सांगितल्या ना, तसंच हे.

रंगो बापूजी गुप्ते महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथं राहिले. गादी मिळाली नाही. त्यांनी जे मांडलं ते कागदच होते, एकामागून एक. आणि दत्तक मान्य करावा असं इथला रेसिडेंट बार्टल फ्रियर यानंही लिहिलं होतं, तरी ऐकलं गेलं नाही. एका भिंतीवर हे सगळे अर्ज, आणि समोरच्या भिंतीवर त्यांची उत्तरं. मधून माणसानं चालत जावं. मला तर एवढं एकच दालन पुरे आहे.

पोवईनाका (मंगळवार, दुपारी ३:३०)

उघड्या भिंतीची कल्पना मला आवडली. काम चालू असताना लोक येऊन बघणार असतील तर काम चांगलंही होईल, हिशेबही समोर राहील. माझा मूळ आक्षेप पैसे कुठं जातात यावर होता. तो कायम आहे, पण तुमच्या बाजूनं आहे असं समजा.

एक विचारू? एवढं सगळं एकदम कशाला? मुंबई उच्च न्यायालयात २०१५ साली संग्रहालय झालं ते तळमजल्यावरच्या छोट्याशा जागेत. आणि त्याच इमारतीत टिळकांवर १९०८ चा खटला चालला, त्या दालनाबाहेर शिळा आहे. लोक ती शिळा वाचायला थांबतात. मग आपणही एका खोलीपासून धरू. खोलीही मिळाली नाही तर एका दारापासून.

खणआळीची_लेक (मंगळवार, रात्री ९:०५)

दारापासून धरायचं तर मुलं तयार आहेत. माझ्या वर्गातल्या बाराजणांनी मागच्या सुट्टीत आपापल्या आजीआजोबांना एकच प्रश्न विचारला होता, "राजवाड्यात तुम्ही कशासाठी गेला होता?" उत्तरं वहीत आहेत. एका आजींना शाळेत घातलंच नव्हतं, त्या बाहेर उभं राहून भावाची वाट बघायच्या. एका आजोबांनी सात वर्षं तारखा केल्या, विहिरीच्या पाळीसाठी. दरवेळी घरून भाकरी बांधून आणायचे आणि गांधी मैदानातल्या झाडाखाली खायचे. एकांना फक्त दारावरचा पट्टेवाला आठवतो, त्याचा आवाज. 'हाजिर हो' म्हणताना तो शेवटचा शब्द लांबवायचा, तो त्यांनी नातवाला म्हणून दाखवला.

या वह्या मी सांभाळून ठेवल्यात. मोडीवाले सर, आवाजही ध्वनिमुद्रित करायला हवेत ना? काही आजोबा नव्वदीला आलेत.

मोडीचा_वर्ग (मंगळवार, रात्री ९:३०)

ताबडतोब. या आठवड्यात. माझ्याकडे ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे. ते विहिरीवाले आजोबा आधी घेऊ.

माहुलीकर (बुधवार, सकाळी ८:००)

मी अर्जाचा मसुदा करायला घेतलाय. सगळ्यांच्या सूचना घालतोय. शाळा जागची हलणार नाही हे पहिलं कलम. दुरुस्ती चुन्यात, आणि काम बघायला लोकांना मोकळीक. कागद जमिनीपासून उंच आणि गळक्या छपराखाली नाहीत. महाराजांच्या दप्तराच्या छायाप्रती. इमारतीतलं कुठलंही जुनं सामान निर्लेखनाला काढण्याआधी त्याचा फोटो आणि यादी, आणि ती यादी निदान एकदा जाहीर करावी. हे शेवटचं कलम नाझरसाहेबांच्या शब्दांत हवं. साहेब, लिहून द्याल का?

आयर्विनपूल (बुधवार, सकाळी ११:१०)

काका, तुमच्या अर्जाची प्रत आम्हाला पाठवा. सातारा खोडून सांगली घालतो, वाड्याच्या जागी तुरुंगाचा तट घालतो, आणि आमच्याकडं देतो.

निवृत्त_नाझर (बुधवार, रात्री ११:४०)

माहुलीकर, कलम लिहून तयार आहे. उद्या पाठवतो. भाषा सरकारी ठेवलीय, म्हणजे वाचणाऱ्याला अडचण नको.

एक राहिलं होतं. त्या लिलावातलं सगळंच गेलं असं मी लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. भंगारवाल्याच्या टेम्पोमागं मी सायकलनं गेलो होतो. कठडा त्यानं आधीच दुसऱ्याला दिला होता. पण साहेबांच्या टेबलावरची पितळी घंटी ढिगात दिसली. दोनशे रुपये दिले, पावती लिहून घेतली. अकरा वर्षं ती आमच्या देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे. पत्नीनं दर दिवाळीला चिंचेनं घासलीय, त्यामुळे वरचे अंक जरा पुसट झालेत, पण खात्याचा शिक्का वाचता येतो. पावतीही आहे.

ताई, रविवारी आजोबांचा आवाज घ्यायला जाल तेव्हा मला सांगा, मी घंटी घेऊन येतो. त्यांनी सात वर्षं ऐकलीय, त्यांना ओळखू येते का बघू.